पतंगातून भूमिती

आमच्या वस्तीतील संध्याकाळच्या अभ्यासवर्गात काही वर्षांपूर्वी आठवीचा एक विद्यार्थी येत असे. मी घेतलेल्या चाचणीत ‘पतंग या चौकोनाचे गुणधर्म लिहा’ असा ४ गुणांचा प्रश्न होता. त्याने जागा कोरी सोडली. मी शून्य गुण दिले आणि पुढचा पेपर हातात घेतला. त्याच आठवड्यात, जानेवारीतील एका रविवारी, समाजमंदिरामागच्या मैदानात तो एका लहान मुलाचा बिघडलेला पतंग दुरुस्त करीत बसला होता. ‘हा गिरक्या का घेतो रे?’ असे मी सहज विचारले. तो म्हणाला, ‘सर, आडवी काडी मधोमध बांधलेली नाही. एका बाजूला बोटभर जास्त आहे. आणि थोडी तिरकी पण बसलीय.’

पतंगाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाला काटकोनात दुभागतो, हाच गुणधर्म त्याने मला समजावून सांगितला होता. ‘कर्ण’, ‘काटकोन’, ‘दुभागणे’ हे शब्द मात्र त्याच्याकडे नव्हते, आणि त्याच्याजवळ असलेले ज्ञान ओळखण्याची दृष्टी माझ्याकडे नव्हती. तेव्हापासून मी भूमितीचा हा भाग फळ्यावर सुरू करीत नाही. कागद, कात्री आणि खळ घेऊन सुरू करतो. त्या अनुभवातून जे हाती आले ते संस्थेचे सभासद, पालक आणि विद्यार्थी यांच्यासमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या वस्त्यांतील अनेक मुले घरातून शिकणारी पहिलीच पिढी आहेत. घरी भूमिती समजावून सांगणारे कोणी नसते. मग मूल व्याख्या पाठ करते, परीक्षेपुरते लिहिते आणि विसरते. पुढे ‘मला गणित जमत नाही’ हे स्वतःच ठरवून टाकते आणि त्या एका निर्णयाने त्याच्यासाठी पुढची अनेक दारे बंद होतात. ते दार उघडे ठेवायला महागडी साधने लागतातच असे नाही.

एक आयत, एक काप

एक कोरा कागद घ्यावा. त्यातून १५ सें.मी. रुंद आणि २० सें.मी. लांब असा आयत कापावा. कापण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न विचारावा : हा आयत कर्णावर दुमडला तर त्याचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसतील का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात. कर्णामुळे आयताचे दोन सारखे भाग होतात हे त्यांनी ऐकलेले असते. लगेच उत्तर सांगू नये. घडी घालायला लावावी. कोपरे एकमेकांवर येत नाहीत, बाहेर डोकावतात. दोन भाग सारखे असणे ही एक गोष्ट आणि ते घडीवर जुळणे ही वेगळी गोष्ट, हे मुलांना येथे प्रथम दिसते.

आता त्याच कर्णावर कागद कापावा. दोन काटकोन त्रिकोण मिळतात. पहिला त्रिकोण जागेवरच ठेवावा. दुसरा उचलून पालथा घालावा आणि त्याची कापलेली बाजू पहिल्याच्या कापलेल्या बाजूला अशी लावावी की १५ सें.मी.च्या दोन्ही बाजू एका टोकाला एकत्र येतील आणि २० सें.मी.च्या दोन्ही बाजू दुसऱ्या टोकाला. मागून कागदाची पट्टी खळीने चिकटवावी. समोर पतंग तयार होतो.

मुलांना हा आकार मोजायला सांगावा. मधला सांधा, म्हणजे पतंगाचा कणा, २५ सें.मी. भरतो. पंखांची दोन टोके पट्टीने जोडली तर ती आडवी रेघ २४ सें.मी. भरते. ही रेघ कण्याला वरच्या टोकापासून ९ सें.मी. अंतरावर छेदते, खाली १६ सें.मी. उरतात. सगळी मापे पूर्ण संख्येत येतात, त्यामुळे अपूर्णांकाला घाबरणारी मुलेही मागे राहत नाहीत. एखाद्याचे माप २ मि.मी.ने चुकले तर रागावू नये. ‘चूक मोजण्यात झाली की कापण्यात?’ असे विचारावे. चूक शोधणे हादेखील अभ्यासच आहे.

यानंतर व्याख्या फळ्यावर लिहावी : ज्या चौकोनात लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या एकरूप असतात, तो पतंग. आता ही ओळ मुलांना पाठ करावी लागत नाही. १५-१५ आणि २०-२० या जोड्या त्यांच्या हातात असतात.

घडी काय सांगते

हा पतंग आता कण्यावर दुमडावा. या वेळी दोन्ही भाग एकमेकांवर बरोबर बसतात. कणा हा या आकाराचा सममितीचा अक्ष आहे. घडी घातलेली असतानाच मुलांकडून पुढील गोष्टी काढून घ्याव्यात :

(१) डावा पंख उजव्या पंखावर बसला; म्हणून पंखांकडचे दोन कोन समान आहेत.

(२) वरचा आणि खालचा कोन घडीमुळे मधोमध दुमडला. म्हणून कणा या दोन्ही कोनांना दुभागतो.

(३) आडव्या रेघेचा डावा भाग उजव्या भागावर बसला. म्हणून कणा आडव्या कर्णाला दुभागतो. १२ आणि १२ सें.मी.

(४) घडीजवळ त्या रेघेने केलेले दोन कोन एकमेकांवर बसले, आणि दोन्ही मिळून एक सरळ कोन होतो. म्हणून प्रत्येक कोन ९०°.

येथे मुले एक चूक हमखास करतात. दोन्ही कर्ण एकमेकांना दुभागतात असे लिहून मोकळी होतात. त्यांना कण्याचे ९ आणि १६ सें.मी. पुन्हा मोजायला लावावे. कणा आडव्या कर्णाला दुभागतो, पण आडवा कर्ण कण्याला दुभागत नाही. चारही बाजू समान झाल्या, म्हणजे पतंगाचा समभुज चौकोन झाला, तरच दोघेही एकमेकांना दुभागतात.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबू नये. घडी या एका पतंगाविषयी सांगते. सिद्धता सगळ्या पतंगांविषयी सांगते. कण्यामुळे जे दोन त्रिकोण होतात त्यांची एक बाजू सामाईक आहे आणि उरलेल्या दोन जोड्या व्याख्येनेच समान आहेत. म्हणून बाबाबा कसोटीने ते एकरूप. त्यावरून पहिले दोन गुणधर्म मिळतात. मग वरचे दोन लहान त्रिकोण घ्यावेत. त्यांत १५ सें.मी.च्या बाजू समान, वरचे दुभागलेले कोन समान आणि कण्याचा वरचा भाग सामाईक. म्हणून बाकोबा कसोटीने तेही एकरूप. उरलेले दोन गुणधर्म त्यातून येतात. कागदाची घडी ज्याने घातली आहे त्याला या सिद्धतेतील प्रत्येक पायरी कोठून आली हे दिसते.

कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविण्याची कल्पना आपल्याच देशात जुनी आहे. टी. सुंदर राव यांनी याच विषयावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासला प्रसिद्ध झाले. पुढे ते अमेरिकेतही छापले गेले. त्याला मुख्य साधन लागते ते कागदच. आपल्याकडे साधने नाहीत म्हणून भूमिती शिकविता येत नाही, ही सबब त्या पुस्तकाने शंभर वर्षांपूर्वीच काढून घेतली आहे.

चार पट्ट्यांचा खेळ

जुन्या वह्यांचे पुठ्ठे किंवा खोके घेऊन चार पट्ट्या कापाव्यात. टोकांना भोके पाडावीत. भोकापासून भोकापर्यंतचे अंतर दोन पट्ट्यांत १५ सें.मी. आणि दोन पट्ट्यांत २० सें.मी. असावे. टोके दोऱ्याच्या सैल गाठींनी जोडावीत म्हणजे सांधे हलते राहतील.

आधी आखूड, लांब, आखूड, लांब या क्रमाने जोडावे. समांतरभुज चौकोन होतो. तो सरळ उभा केला की १५ बाय २० चा आयत. म्हणजे आपण सुरुवातीला कापला होता तोच. आता त्याच पट्ट्या सोडून आखूड, आखूड, लांब, लांब या क्रमाने जोडाव्यात. पतंग होतो. बाजू त्याच, परिमिती तीच ७० सें.मी., पण क्रम बदलल्याने आकार बदलला आणि गुणधर्मही बदलले. समांतरभुज चौकोनात संमुख बाजू समान असतात, पतंगात लगतच्या. हा फरक सांगून जेवढा कळत नाही तेवढा गाठ सोडून पुन्हा बांधताना कळतो.

आता पट्ट्यांचा पतंग दोन बोटांनी दाबून पाहावा. तो हलतो. कधी लांबट होतो, कधी रुंद होतो. आखूड बाजूंचा कोपरा आत ढकलला तर बाणाच्या टोकासारखा आकार होतो. बाजू ठरल्या म्हणून चौकोन ठरत नाही. तीनच पट्ट्या जोडल्या तर मात्र त्रिकोण जराही हलत नाही. मग पतंगाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत २५ सें.मी.ची पाचवी पट्टी बांधावी. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि आकार जागच्या जागी घट्ट झाला. पतंगाला कणा का लागतो, याचे भूमितीतील उत्तर हे आहे. पत्र्याच्या शेडचे कैचीचे छप्पर, विजेच्या तारांचे मनोरे यांत तिरप्या पट्ट्या का असतात, हे मुलांना मग येता-जाता दिसू लागते.

क्षेत्रफळ : दोन वाटा, एकच उत्तर

आपला पतंग १५ × २० च्या आयतातून झाला. कागद वाढला नाही, कमीही झाला नाही. म्हणून त्याचे क्षेत्रफळ १५ × २० = ३०० चौ. सें.मी. ही पहिली वाट.

पुस्तकातील सूत्र सांगते : कर्णांच्या गुणाकाराची निमपट. २५ × २४ = ६००, त्याची निमपट ३००. ही दुसरी वाट. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की मुलांचा सूत्रावर विश्वास बसतो.

सूत्रात ‘निमपट’ कोठून आली, हेही हाताने दाखवावे. पतंग एका मोठ्या कागदावर ठेवून त्याच्या चारही टोकांतून कर्णांना समांतर रेघा काढाव्यात. पतंगाभोवती २५ × २४ चा आयत तयार होतो. पतंग कर्णांवर कापला की चार काटकोन त्रिकोण होतात. ते आयताच्या चार रिकाम्या कोपऱ्यांत बरोबर बसतात. जेवढा पतंग तेवढीच रिकामी जागा. म्हणून आयताची निमपट. ही रीत कोणत्याही पतंगाला लागू पडते. पहिली वाट मात्र ज्या पतंगाचे पंखांकडचे कोन काटकोन आहेत त्यालाच लागू पडते, हे विसरू नये.

आता मापे दुप्पट करावीत. ३० × ४० चा आयत, त्यातून ५० सें.मी. कण्याचा पतंग. परिमिती ७० ची १४० झाली, म्हणजे दुप्पट. क्षेत्रफळ ३०० चे १२०० झाले, म्हणजे चौपट. ‘दुप्पट पतंगाला कागद किती लागेल?’ असे आधी विचारले तर बहुतेक मुले ‘दुप्पट’ म्हणतात. लहान पतंग मोठ्या पतंगावर ठेवून चार वेळा मोजून दाखविला की हा गैरसमज पुन्हा होत नाही.

या चौपटीने एका मोठ्या संशोधकालाही विचार करायला लावले होते. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना माणूस उचलणारा पतंग करावयाचा होता. पतंगाची लांबी, रुंदी, जाडी सगळेच दुप्पट केले तर वारा धरणारे पृष्ठफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणजे पतंग मोठा करावा तसा तो उडायला जड होत जातो. बेल यांनी मार्ग काढला तो असा की एकच मोठा पतंग करण्याऐवजी चार त्रिकोणी बाजूंचे लहान लहान खण करून ते एकमेकांना जोडले. जोडणीत काड्या सामाईक होतात आणि वजन आटोक्यात राहते. १९०७ च्या डिसेंबरात कॅनडात त्यांच्या ३,३९३ खणांच्या पतंगाने एका माणसाला खरोखरच पाण्यावरून उचलून हवेत नेले. घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या प्रमाणाचा धडा याहून चांगला कोणता असेल?

आकाशातील परीक्षा

कागदी आकार वहीत चिकटवून थांबले तर अर्धे काम झाले. पतंग उडाला पाहिजे. वर्तमानपत्राच्या पानातून ३० × ४० चा आयत कापून वरच्या रीतीने पतंग करावा. पतंगी कागद मिळाला तर अधिक चांगले. तो हलका असतो, कमी वाऱ्यातही उडतो. चिकटविण्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ किंवा भाताची शिते पुरतात. कण्याला ५० सें.मी.ची आणि आडवी ४८ सें.मी.ची, अशा बांबूच्या दोन बारीक कामट्या लागतात. त्या वरून १८ सें.मी. अंतरावर काटकोनात बांधाव्यात. हाताशी कोनमापक नसेल तर कागद दोनदा दुमडून मिळालेला काटकोन लावून पाहावा.

आडवी कामटी बांधण्यापूर्वी तिचा मध्य बोटावर तोलून पाहावा. लांबी दोन्हीकडे २४-२४ असली तरी एक बाजू जाड असेल तर कामटी त्या बाजूला झुकते. लांबी सारखी म्हणजे वजन सारखे असे नव्हे. जड बाजू चाकूने किंचित तासावी किंवा हलक्या टोकाला चिंधीचा लहान तुकडा गुंडाळावा. पतंग करणारे कारागीर ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

मग कण्यावर दोन ठिकाणी दोरा बांधावा, एक काड्या छेदतात तेथे आणि एक खालच्या टोकाकडे. दोन्ही दोरे पुढे एका गाठीत आणावेत. याला कोणी कन्नी म्हणतात, कोणी सुत्तर म्हणतात. हे दोन दोरे आणि कणा मिळून आणखी एक त्रिकोण होतो. खालचा दोरा किंचित लांब ठेवला की पतंग वाऱ्याला योग्य कोनात तोंड देतो. हा त्रिकोण बदलला की कोन बदलतो आणि कोन बदलला की उड्डाण बदलते. सरळ काड्यांच्या या सपाट पतंगाला कापडी पट्टीची शेपटी लावावी, नाहीतर तो स्थिर राहत नाही.

बाजारात मिळणारा आपल्याकडचा पतंग थोडा वेगळा असतो. त्याचा कागद बहुधा चौरस असतो आणि तो कोपऱ्यावर उभा धरतात. चौरसाच्याही लगतच्या बाजू समान असतात, म्हणून तोही पतंगच. त्याची आडवी काडी सरळ नसते. धनुष्यासारखी वाकविलेली कमान असते. कमानीची दोन टोके जोडणारी रेघ मनात काढली तर ती जीवा आणि कमान हा कंस. कणा त्या जीवेला काटकोनात दुभागतो. येवल्यात दोरा आसारीवर गुंडाळतात, तर इतर ठिकाणी चक्रीवर किंवा फिरकीवर. पण कणा मधोमध असावा लागतो, हा नियम सगळीकडे एकच.

या परीक्षेत एक मोठा गुण आहे. वहीतील उत्तर बरोबर की चूक हे मुलाला शिक्षकाकडून कळते. पतंगाचे उत्तर त्याला स्वतःलाच कळते. मापे चुकली तर पतंग एकीकडे ओढतो, गिरक्या घेतो, खाली येतो. मूल तो उतरवते, मोजते, सुधारते आणि पुन्हा सोडते. आपली चूक आपण शोधून दुरुस्त करता येते, हा विश्वास एकदा आला की तो भूमितीपुरता राहत नाही.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी

दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपला पहिला पतंग कागदावर ठेवून त्याच्या कण्याचा मध्य शोधावा. तेथे कंपासचे टोक ठेवून १२.५ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढावे. ते चारही टोकांतून जाते. कणा हा व्यास झाला आणि पंखांकडचे काटकोन हे अर्धवर्तुळातील कोन झाले. तसेच, वर्तुळाबाहेरील एका बिंदूतून दोन स्पर्शिका काढून स्पर्शबिंदू केंद्राशी जोडले की असाच दोन काटकोनांचा पतंग मिळतो. दोन्ही स्पर्शिकाखंड समान का असतात, हे पतंग ओळखला की लगेच लक्षात येते.

मैदानात उंचीही काढता येते. दोऱ्यावर दर १० मीटरला रंगीत दोरा बांधावा म्हणजे सोडलेली लांबी कळते. पुठ्ठ्याच्या अर्धगोल कोनमापकाला दोरा आणि खडा लटकावून उन्नत कोन मोजावा. दोरा ४० मीटर सोडला आणि कोन ३०° भरला तर साइन ३०° म्हणजे निमपट, उंची २० मीटर. प्रत्यक्ष उंची थोडी कमी असते, कारण दोरा मध्ये झोल खातो. हा फरक मुलांनीच सांगावा अशी वाट पाहावी.

आता थोडे अलीकडचे सांगतो. वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा कराव्यात आणि त्या जोडून सुसम षटकोन काढावा. त्याचे केंद्र सहाही बाजूंच्या मध्यबिंदूंशी जोडावे. षटकोनाचे सहा पतंग होतात. प्रत्येकाचे कोन ६०°, ९०°, १२०°, ९०°, बेरीज ३६०°. असे आठ पतंग एका विशिष्ट रीतीने जोडले की टोपीसारखा दिसणारा १३ बाजूंचा एक आकार होतो. या एकाच आकाराच्या फरशा, काही सुलट आणि काही उलट, घालून कितीही मोठी जमीन फट न ठेवता भरता येते. पण साध्या फरशीसारखी तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा कधीच येत नाही. असा एकच आकार असू शकतो का, हा प्रश्न गणितज्ञांपुढे अनेक दशके होता. २०२२ च्या अखेरीस तो आकार सापडला तो इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ यांना. ते छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ, व्यवसायाने गणितज्ञ नव्हेत. संगणकावर आकार जुळविता जुळविता हा आकार त्यांच्या नजरेत भरला. मग त्यांनी जाड कागदाचे तुकडे कापले आणि टेबलावर हाताने जुळवून पाहिले. पुढे तिघा जाणकारांच्या साहाय्याने सिद्धता झाली आणि मार्च २०२३ मध्ये ती जगापुढे आली. कागद कापून जुळविणे हे केवळ लहान मुलांचे काम नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो.

काही सूचना

वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

चार-चार मुलांचे गट करावेत. एका गटाला एक कात्री, एक पट्टी आणि एक कंपास पुरतो. कामट्या मोठ्यांनी तासून द्याव्यात. पहिल्या दिवशी आयत आणि घडी, दुसऱ्या दिवशी पट्ट्या, तिसऱ्या दिवशी क्षेत्रफळ, आणि रविवारी मैदान, अशी विभागणी सोयीची पडते. हात आधी आणि नाव नंतर, हा क्रम मोडू नये. मात्र नाव द्यायला विसरूही नये. ‘मधली काडी’ म्हणणारे मूल परीक्षेत ‘कर्ण’ लिहू शकले पाहिजे. नाहीतर माझ्या त्या विद्यार्थ्यासारखी त्याचीही जागा कोरी राहील.

उडविण्यासाठी साधा सुती दोराच वापरावा. नायलॉनच्या मांजाने पक्षी मरतात, दुचाकीवरील माणसांचे गळे कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे. काचेचा मांजाही मुलांच्या हाती देऊ नये. गच्चीवर, रस्त्यावर, रेल्वेमार्गालगत आणि विजेच्या तारांखाली पतंग उडवू नये. कटलेल्या पतंगामागे धावू नये, हे तर दरवेळी बजावून सांगावे.

आणखी एक. मैदानावर पाहिले तर मुलगा पतंग उडवितो आणि बहीण चक्री धरून मागे उभी असते. वर्गात असे होऊ देऊ नये. प्रत्येक मुलीने स्वतःचा पतंग मोजावा, कापावा आणि स्वतःच उडवावा. आमच्या वर्गातील सर्वांत नेमके काटकोन मला बहुतेक वेळा मुलींच्याच पतंगांत आढळले आहेत.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला तो विद्यार्थी पुढच्या चाचणीत त्याच प्रश्नावर आला तेव्हा त्याने आधी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात एक लहान पतंग काढला, त्यात कणा काढला, आडवी काडी काढली आणि तिच्या दोन्ही भागांवर सारखी खूण केली. मग शेजारी एकाखाली एक चार गुणधर्म लिहिले. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. भूमितीची एकही नव्हती. मी ४ पैकी ४ गुण दिले.

आपल्या प्रत्येक वस्तीत अशी मुले आहेत. आठवड्यातील एक संध्याकाळ, जुनी वर्तमानपत्रे आणि वाटीभर खळ एवढे घेऊन सभासदांपैकी कोणीही हा वर्ग सुरू करू शकतो. स्वतःची भूमिती विसरली असेल तरी हरकत नाही. मुलांबरोबर ती पुन्हा शिकता येते.